अन्यायाविरुद्ध चित्रं काढायची आहेत, पण ती कोणाच्या वतीने?

प्रश्न : मी कला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या ओस्वाल्दो ग्वायासामिन या चित्रकाराची चित्रं पाहिल्यापासून आदिवासींवरच्या अन्यायाबद्दल चित्रं काढायची असं मनाशी पक्कं केलं आहे. मी स्वतः आदिवासी नाही. बाबा म्हणतात, निषेधाच्या चित्रांनी पोट भरत नाही. वर्गातला एक आदिवासी मित्र म्हणाला, "आमच्यावर चित्रं काढून तुझं नाव होईल, आमचं काय?" दोघांनाही काय सांगावं ते कळत नाही.

उत्तर : बाबांचा प्रश्न पैशांचा आहे आणि त्याला उत्तर आहे. मित्राचा प्रश्न जास्त अवघड आहे, म्हणून तो आधी घेऊ. त्याचं उत्तर तुझ्या मनात ठरलं, की पुढे काय शिकायचं आणि कुठे काम करायचं हे ठरवणं बरंच सोपं होईल.

ग्वायासामिनने तुला धरून ठेवलं, हे मी समजू शकतो. १९१९ साली किटोमध्ये जन्मलेल्या या चित्रकाराचे वडील आदिवासी होते, आणि गरिबी त्याने घरातच पाहिली होती. 'क्रोधाचं युग' या मालिकेतले ते हाडकुळे हात आणि किंचाळणारे चेहरे एकदा पाहिले की डोळ्यांसमोरून जात नाहीत. १९८८ मध्ये इक्वेडोरच्या संसदेसाठी केलेल्या भित्तिचित्रात त्याने एका भेसूर चेहऱ्याच्या शिरस्त्राणावर 'सीआयए' (अमेरिकेची गुप्तहेर संस्था) ही अक्षरं रंगवली. अमेरिकेने हरकत घेतली, तरी चित्र जागचं हललं नाही.

त्याच्या आधीची पिढीही बघ. १९२० च्या दशकापासून मेक्सिकोत दिएगो रिवेराने आणि पेरूत होसे साबोगालने आदिवासी माणसाला चित्राच्या मध्यभागी आणलं. मेक्सिकोत तर त्यासाठी सरकारी इमारतींच्या भिंती खुल्या झाल्या. हे काम मोठं होतं, मी ते अजिबात कमी लेखत नाही. तरीही 'इंदिखेनिस्मो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रवाहातले बहुतेक चित्रकार आदिवासी समाजाबाहेरचे होते. चित्रकाराचं नाव जगभर गेलं, पण चित्रातल्या ओझं वाहणाऱ्या बाईचं नाव कुठेच लिहिलं गेलं नाही. तुझा मित्र याच जागेवर बोट ठेवतोय, आणि त्याचं बरोबर आहे.

आता ऑस्ट्रेलियात काय झालं ते वाच. १९६३ मध्ये देशाच्या उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या योलंगू आदिवासींची जमीन त्यांना न विचारता बॉक्साइटच्या खाणीसाठी दिली जात होती. यिरकला इथल्या योलंगूंनी आपल्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज टंकलिखित केला, झाडाच्या सालीवर चिकटवला आणि भोवती आपल्या कुळांच्या नक्षीची चौकट रंगवली. ती नक्षी म्हणजे त्यांचा मालकीचा दाखलाच होता. संसदेने अर्ज स्वीकारला, चौकशी समिती नेमली. खाण मात्र थांबली नाही, आणि १९७१ मध्ये ते न्यायालयातही हरले. पण त्या लढ्यातून पुढे त्या भागासाठी, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीसाठी, १९७६ चा आदिवासी जमीन हक्क कायदा आला.

दुसरं उदाहरण तर मी प्रत्येक कला विद्यार्थ्याला सांगतो. १९९७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या आदिवासींना आपला जमिनीचा दावा लवादासमोर इंग्रजीत नीट मांडता येईना. मग चाळीसहून अधिक जणांनी मिळून सुमारे ८ बाय १० मीटरचा कॅनव्हास रंगवला. त्यात पाणवठे होते, वाटा होत्या, ज्याचा त्याचा मुलूख होता. लवादासमोर तो जमिनीवर अंथरला गेला आणि माणसं आपापल्या भागावर उभी राहून आपल्या भाषेत बोलली. न्गुरारा कॅनव्हास म्हणून तो ओळखला जातो. २००७ मध्ये न्यायालयाने ७५ हजार चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेशावरचा त्यांचा हक्क मान्य केला. निकाल एका चित्रामुळे लागला असं मी म्हणणार नाही. पण आपली बाजू मांडायला त्यांनी चित्रच निवडलं आणि ते स्वतः काढलं, हे विसरू नकोस.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अन्यायाबद्दल चित्रं जरूर काढ, पण आदिवासींच्या वतीने बोलायचं काम अंगावर घेऊ नकोस. तू ज्या समाजातून येतेस, त्याने काय घेतलं, काय पाहूनही पाहिलं नाही, हा विषय पूर्णपणे तुझा आहे आणि त्यावर फार कमी चित्रकार काम करतात. आदिवासींची पवित्र चिन्हं, त्यांची शैली मात्र विचारल्याशिवाय उचलू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं ३१ वं कलम याबद्दलच आहे. ते छोटं आहे, आजच वाच.

आता बाबांचा प्रश्न. केवळ निषेधाच्या चित्रांवर सुरुवातीपासून घर चालणं दुर्मीळ आहे, हे त्यांना प्रामाणिकपणे सांग. पण या चित्रांभोवती पगाराची कामं बरीच आहेत. ऑस्ट्रेलियात आदिवासी समूहांच्या मालकीची कला केंद्रं आहेत. 'पापुन्या तुला' नावाची आदिवासी कलाकारांच्याच मालकीची कंपनी १९७२ पासून चालू आहे. अशा ठिकाणी रंगसाहित्य, नोंदी, विक्री आणि प्रदर्शनं सांभाळणारी माणसं लागतात. संग्रहालयांना कोणती वस्तू कुठून आणि कशी आली याचा शोध घेणारे संशोधक हवे असतात, आणि जुनी चित्रं टिकवणारे संवर्धकही. शाळांच्या पुस्तकांना आणि संस्थांच्या अहवालांना चित्रकार लागतात.

आणि कायदा! तुझ्या पत्रातली नेटकी मांडणी पाहून मला हे विशेष सुचतंय. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने आदिवासी चित्रकारांची चित्रं परवानगीशिवाय गालिच्यांवर छापणाऱ्यांविरुद्ध निकाल दिला आणि भरपाई द्यायला लावली. तिथे २०१० पासून चित्राची पुनर्विक्री झाली, की ठरावीक किमतीच्या वर चित्रकाराला ५ टक्के मिळतात. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने खोटा माल आदिवासींनी बनवलेला म्हणून विकणं हा गुन्हा आहे. चित्र वाचता येणारे आणि कायदाही कळणारे लोक फार थोडे असतात, त्यामुळे पदवीनंतर बौद्धिक संपदेचा अभ्यासक्रम केलास तर तुला वेगळी जागा मिळेल. कोर्टकचेरीत रस नसेल तर संग्रहालयशास्त्र किंवा मानवशास्त्र बघ.

चित्रकलेची पदवी अर्धवट सोडू नकोस. रेखाटन कच्चं राहिलं तर विषय कितीही मोठा असला तरी चित्र उभं राहत नाही. पुढच्या वर्षभरात एखाद्या आदिवासी चित्रकाराच्या हाताखाली किंवा त्यांच्या संस्थेत जमेल तेवढं काम कर. रंग घोटणं, चित्रांच्या याद्या करणं, पडेल ते. तिथे कोणाचं चित्र रेखाटायचं असेल तर आधी विचार, नाव लिहायचं की नाही हे त्यांना ठरवू दे, आणि मोबदल्याचं बोलणं सुरुवातीलाच करून कागदावर घे. हे कागद चित्रांसोबत तुझ्या पोर्टफोलिओत ठेव. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर तो मला पाठव, मग कायदा की संग्रहालय हे आपण समोरासमोर बसून ठरवू. बाबांनाही सोबत आण.