परी ओरॅकल कार्डं वाचताना गाइडबुकमधला अर्थ सांगावा की चित्र बघून सांगावं?

चित्र बघून. गाइडबुक सगळं बोलून झाल्यावर उघडायचं, आणि तेही गरज वाटली तरच.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे ४४ कार्डांचा परींचा डेक, म्हणजे प्रश्न विचारून वाचायच्या चित्रकार्डांचा गड्डा आहे, तीन कार्डं मांडता, सोबत आलेल्या गाइडबुकमधले परिच्छेद वाचून दाखवता आणि समोरच्याला दर वेळी तेच ऐकू येतं : सगळं छान होईल, स्वतःवर प्रेम करा. शिवाय मैत्रीण म्हणते की चित्र बघून सांगणं म्हणजे पदरचं घालणं. हा ‘पदरचं घालणं’ शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसले, कारण हा वाद मी बरीच वर्षं ऐकतेय.

गाइडबुक गुळमुळीत का वाटतं ते आधी बघा. टॅरो या अशाच दुसऱ्या प्रकारच्या पत्त्यांना सांगाडा असतो. ७८ पानं, त्यातली २२ मोठ्या मानाची, ५६ छोटी, आणि छोट्यांत पत्त्यांसारखे चार रंग, एक्का ते दश्शी आणि राजा-राणीसारखी दरबारी पानं. छापील अर्थ विसरलात तरी रंग आणि आकडा यांवरून बरंच बोलता येतं. लेनोरमां नावाच्या तिसऱ्या प्रकारात ३६ पानं ठरलेली असतात. ओरॅकलला असलं काही नाही. कुणी ४४ पानं छापतं, कुणी त्याहून कमी, कुणी जास्त, आणि क्रमांकाला सहसा काही अर्थ नसतो. हातात उरतं चित्र, खालचा एक शब्द आणि गाइडबुकमधला परिच्छेद. तो परिच्छेद लिहिणाऱ्याला तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचा प्रश्न ठाऊक नव्हता. तो नोकरीलाही लागू पडला पाहिजे, लग्नालाही आणि घराच्या वाटणीलाही. म्हणून तो गोल गोल लिहिलेला असतो. चित्रात मात्र नेमक्या वस्तू असतात : अमुक हात, अमुक झाडाचं पान, अमुक वेळेचा उजेड.

परींच्या डेकला आणखी एक अडचण आहे. ‘परी’ म्हटलं की आपल्यासमोर कांडी फिरवून इच्छा पुरवणारी गोड मुलगी येते. शब्दही फारसीतून आलेला. हे डेक ज्या परंपरेतून येतात ती ब्रिटन-आयर्लंडची लोककथा, आणि तिथल्या परी गोड नाहीत. स्कॉटलंडमध्ये त्यांचे दोन दरबार मानतात, सीली म्हणजे माणसांवर मर्जी असलेल्या आणि अनसीली म्हणजे घातकी. त्यांच्याकडचं अन्न खाल्लं तर परत येता येत नाही, त्यांच्यात एक रात्र नाचलं तर बाहेर वर्षं उलटलेली असतात, लोखंड त्यांना चालत नाही. मराठी माणसाला हे समजायला परीपेक्षा साती आसरा जवळच्या. पाणवठ्यावरच्या आसरांना हळदकुंकू वाहतात, मान देतात आणि तिन्हीसांजेला तिकडे पोर एकटं सोडत नाहीत. मान आणि भीती एकाच वेळी. ब्रायन फ्राउड या इंग्लिश चित्रकाराच्या २००० सालच्या परी-ओरॅकलमध्ये तर खोडकर आणि त्रास देणाऱ्या परी मुद्दाम घेतलेल्या आहेत. लोककथा जाणणारा चित्रकार हे सगळं कोपऱ्यात भरून ठेवतो, आणि गाइडबुकचा परिच्छेद त्यावरून सरळ निघून जातो.

त्यामुळे थोडी झाडापानांची ओळख करून घ्या. घंटांसारखी खाली लोंबणारी जांभळी फुलं दिसली तर ते फॉक्सग्लव्ह. विषारी झाड. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने १७८५ साली त्याच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिलं आणि हृदयाचं डिगॉक्सिन हे औषध त्याच कुळातल्या झाडापासून मिळतं. म्हणजे त्या कार्डावर बोलताना विषय मात्रेचा : ही मदत किती घेतली की बाधते? लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबीही विषारी. अळंब्यांचं रिंगण म्हणजे परींच्या नाचाची जागा, आत पाऊल टाकणं सोपं, बाहेर येणं अवघड. माळावरचं एकटं काटेरी हॉथॉर्न आयर्लंडमध्ये तोडत नाहीत, ते परींचं झाड. अशा दहा-बारा खुणा कळल्या की डेक बोलायला लागतो.

आता एक रीडिंग सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पन्नाशीच्या एक बाई. प्रश्न होता, आईला गावाहून ठाण्याला आणू का. तीन पानं : आत्ताची स्थिती, अडसर, पुढचं पाऊल. पहिल्यावर पानगळीत झोपलेली परी, खाली शब्द ‘विश्रांती’. दुसऱ्यावर ब्राउनी, म्हणजे रात्री घरातली कामं उरकणारा बुटका, चुलीपुढे झाडू मारतोय, शब्द ‘घरगुती सुख’. तिसऱ्यावर नावेचा दोर धरलेल्या दोन परी, शब्द ‘सोबत’. तीन शब्द जोडा : आईला आणा, विश्रांती मिळेल, घर सुखी होईल, सोबत होईल. दोन मिनिटांत रीडिंग संपलं असतं.

शब्दांवर कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आणि त्यांना नुसतं बघायला सांगितलं. पहिल्या पानावर झोपलेल्या परीचे पाय उघडे होते आणि पायाजवळच्या पानांवर दंव. झोप होती, पांघरूण पुरत नव्हतं. दुसऱ्यावर ब्राउनी एकटा. मागचं दार अर्धं उघडं, आत सगळं घर झोपलेलं. चुलीवरची मेणबत्ती बोटाच्या पेराएवढी उरलेली. बाईंनी त्या मेणबत्तीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे किती वाजताचं असेल?” मी म्हटलं, “तुम्हाला किती वाटतात?” त्या म्हणाल्या, “तीन. आई तीनला तिसऱ्यांदा उठते.”

तिथून प्रश्नच बदलला. आणू की नको हे त्यांच्या मनात कधीच ठरलं होतं. रात्री कोण उठणार, हे कुणाशी बोलल्या नव्हत्या. ब्राउनीच्याच चित्रात खुर्चीवर नव्या कपड्यांची घडी होती, तीही त्यांना दाखवली. लोककथेत ब्राउनीला दुधाची वाटी चालते, पण नवे कपडे दिले की तो घर सोडून जातो. हे सांगितल्यावर त्या बराच वेळ त्या घडीकडे बघत राहिल्या. मग तिसरं पान. दोन परींपैकी एकीच्या हातात दोर ताणलेला, दुसरीच्या हातात सैल आणि तिचं तोंड भलतीकडे. “सैल दोर कुणाचा?” एवढंच विचारलं. “धाकट्या भावाचा.” उठताना त्यांच्या वहीत दोन आकडे होते, रात्रपाळीच्या बाईचा महिन्याचा खर्च आणि त्यातला भावाचा वाटा.

शेजारी बसलेल्या एका जुन्या सहकारी रीडरने तेव्हा ऐकवलं होतं की कार्डावर ‘घरगुती सुख’ छापलंय आणि तू बाईला रात्रीची जागरणं सांगितलीस, हे पदरचं आहे, डेक बनवणाऱ्याचा अर्थ बदलायचा आपल्याला अधिकार नाही. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मेणबत्ती मी काढलेली नाही, ती चित्रात आहे. पुष्कळ डेकमध्ये चित्र एकाचं आणि मजकूर दुसऱ्याचा असतो. मग ‘बनवणाऱ्याचा अर्थ’ कुणाचा धरायचा? तासन्‌तास बसून ती मेणबत्ती रंगवणाऱ्याचा का नाही?

त्या सहकारी रीडरचं एक म्हणणं मात्र बरोबर होतं. चित्र बघून बोलणारे बरेच जण खरोखरच पदरचं घालतात. त्याला उपाय एकच : प्रत्येक वाक्य बोलताना चित्रातल्या एका वस्तूवर बोट ठेवता आलं पाहिजे. “तुमच्या घरात कुणीतरी जळतंय” म्हणालात तर बोट कुठे ठेवणार? ठेवता येत नसेल तर ते वाक्य गिळा.

पद्धत अशी ठेवा. कार्डं उताणी मांडा, दोन कार्डांत दोन बोटांचं अंतर. खालच्या शब्दावर मापाने कापलेली पट्टी. दिवा डोक्यावर नको, बाजूला हवा, नाहीतर चकचकीत लॅमिनेशनवर उजेड पडून अर्धं चित्र पांढरं होतं. मिनिटभर कुणीच बोलायचं नाही. मग हाच क्रम : नजर कुठे आहे, हात काय करतायत, उजेड आणि ऋतू कोणता, पायाखाली काय आहे, आणि शेवटी चारही कोपरे. कोपऱ्यात बहुतेक वेळा एखादं छोटं तोंड किंवा प्राणी लपलेला असतो आणि पुष्कळदा तेच कामाचं निघतं. त्यानंतर शेजारची कार्डं जोडून बघा. पहिलीची नजर दुसरीकडे जाते की ओळीच्या बाहेर? दोघींची एकमेकींकडे पाठ आहे का? तुमची सगळी रीडिंगं सारखी वाटतात कारण तुम्ही तीन परिच्छेद एकापुढे एक वाचता, कार्डं एकमेकांशी बोलतच नाहीत. पट्टी सगळ्यात शेवटी काढा. छापील शब्द चित्राशी भांडत असेल तर ते भांडणच समोरच्याला दाखवा : “इथे सुख लिहिलंय आणि हा एकटा जागा आहे.” माणसं त्यावर हमखास बोलतात.

डेक नवा असेल तर पहिल्याच दिवशी कार्डं मोजा आणि गाइडबुकमधल्या यादीशी ताडून बघा, एखादं कमी किंवा दुबार निघू शकतं. सोनेरी कडांची कार्डं एकमेकांना चिकटलेली असतात, एकेक सोडवून घ्या, नाहीतर जोडी कायम एकत्रच येते. ओरॅकलची कार्डं पत्त्यांपेक्षा बरीच मोठी. ती रमीसारखी दोन गड्डे करून वाकवून पिसू नका, मधे बाक येतो आणि तेवढीच कार्डं हाताला आधी लागतात. टेबलावर सगळी पालथी पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर घोळवायची, हे उत्तम. याने काही कार्डं उलटी होतात. परींच्या बहुतेक गाइडबुकमध्ये उलट्या कार्डांचे अर्थ दिलेले नसतात, तेव्हा सरळ करून वाचा. उलटी वाचायचीच असतील तर आधी डेकची पाठ बघा. पाठीवरच्या नक्षीला वर-खाली असेल तर कुठलं कार्ड उलटं आहे हे उचलण्याआधीच दिसतं आणि निवड आंधळी राहत नाही.

‘तेच कार्ड पुन्हा पुन्हा येतंय’ म्हणून घाबरणारेही खूप भेटतात. हिशोब सांगते. ४४ कार्डांतून रोज एक काढून परत गड्डीत मिसळलं, तर नऊ दिवसांत एखादं तरी कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता ५८ टक्के आहे. न येणं हेच जास्त नवलाचं. त्या कार्डात आधी न दिसलेलं काय दिसतं ते बघावं, त्यापलीकडे ओढून नेऊ नये.

स्वस्तात मिळणाऱ्या नकली डेकपासून सांभाळा, चित्र बघून वाचणाऱ्याचं तर त्याने फारच नुकसान होतं. कार्ड लहान, कागद पातळ, गाइडबुकच्या जागी क्यूआर कोड, रंग काळवंडलेले आणि चित्राच्या कडा कापलेल्या. म्हणजे कोपरेच गेले. आणि ज्याने काढलं त्याला एक पैसा मिळत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कार्डांना बाक येतो. उन्हात ठेवू नका, एका बाजूने आक्रसतात. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा. उदबत्तीच्या धुरावर रोज फिरवलीत तर वर चिकट थर बसतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी उदबत्ती शेजारी लावावी.

आणि हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं. मी कार्डांवरून भविष्य सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. आजारपण बरं होईल का, कोर्टात निकाल कुणाकडे लागेल, मूल होईल का, असे प्रश्न आले की डेक डब्यात ठेवायचा आणि डॉक्टरकडे, वकिलाकडे पाठवायचं. तोच प्रश्न त्याच आठवड्यात पुन्हा विचारू द्यायचा नाही. समोरचा माणूस फार अस्वस्थ असेल तर फॉक्सग्लव्हचं विष, अनसीली दरबार वगैरे लोककथा सांगत बसू नका, नुसतं काय दिसतंय ते विचारा. त्या बाईंनाही कपड्यांची गोष्ट मी मेणबत्तीबद्दल त्या स्वतः बोलल्यानंतरच सांगितली होती. आधी सांगितली असती तर ती माझी गोष्ट झाली असती, आणि तेवढ्यापुरती तुमची मैत्रीण बरोबर ठरली असती.