२४० दिवस भरण्याआधी कामगाराला ‘ब्रेक’ द्यायचा निर्णय मालकाचा असेल, तर एचआरवाला दोषी कसा?

तुम्ही लिहिलंय की ब्रेकच्या, म्हणजे कामगाराला काही काळ कामावरून कमी करण्याच्या, पत्रावर सही तुमची असते, पण ठरवतात वरचे, मग पाप तुमच्या माथी का. मी नाशिकला अंबड-सातपूरच्या कारखान्यांत अकरा वर्षं एचआरचं काम केलं. माझ्या मते सहीपुरता दोष आपलाच.

माझ्या पहिल्या कंपनीत टाइम ऑफिसमधून (हजेरी ठेवणाऱ्या विभागातून) दर महिन्याला यादी यायची: कोणाचे दोनशे दिवस झाले, कोणाचे सव्वादोनशे. त्यांना ब्रेक द्यायचा आणि महिन्याभराने तोच माणूस नवीन जॉइनिंग दाखवून त्याच मशीनवर उभा करायचा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, बारा महिन्यांत सलग सेवेचे २४० दिवस भरले की तात्पुरत्या कामगाराला कायम करावं लागे, ते टाळायला हा खटाटोप. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं १९७१ च्या राज्य कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवलेलं होतं. मला ते पाठ होतं, तरी मी सह्या करत होतो.

लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नैतिक वाढीचे तीन स्तर मांडले. पहिल्यात माणूस शिक्षेला भिऊन किंवा फायदा बघून वागतो, दुसऱ्यात समाजाचे नियम पाळतो, तिसऱ्यात तत्त्व धरतो. ‘कंपनीची पॉलिसी आहे’ म्हणताना मी स्वतःला दुसऱ्या स्तरावर समजायचो. पण कायदा तर उलट सांगत होता! मी नोकरी जाईल म्हणून गप्प होतो, म्हणजे पहिल्याच पायरीवर.

पेठ तालुक्यातला एक प्रेस ऑपरेटर तिसऱ्या ब्रेकच्या वेळी म्हणाला, “साहेब, पोरीची फी भरायचीय. ब्रेक जूननंतर द्या ना.” ब्रेक नकोच, असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी राजीनामा दिला नाही, घरचे हप्ते होते. प्लँट हेडना लेखी कळवलं की ही प्रथा कायद्याविरुद्ध आहे आणि यापुढे या पत्रांवर मी सही करणार नाही. तुम्हीही निदान एवढं करा: विरोध कागदावर ठेवा आणि कामगाराला ‘काम कमी आहे’ असं खोटं सांगू नका.

त्या यादीतले चौघे कायम झाले. बाकीच्यांची पत्रं दुसऱ्या कोणाच्या तरी सहीने निघाली. त्यांत पेठचा तो ऑपरेटरही होता.