नाक खाली, समोर

प्रिय मुली,

परवा जुहूच्या वाळूत उभी राहून तू विचारलंस, "सर, 26 नंबरच्या धावपट्टीवरून विमान घेऊन उडाले, चारशे फुटांवर इंजिन गेलं, समोर नुसता समुद्र. तरी धावपट्टीकडे परत वळायचं नाही?"

नाही. विमानाचं नाक खाली, समोर.

तुझ्या सीनियरने परत वळून दाखवल्याचं सांगितलंस. मीही वळलो होतो. जुहूला नव्हे, एका लहान धावपट्टीवर. स्टॉलचा, म्हणजे वेग घटून पंखांची उचल तुटण्याचा इशारा देणारा भोंगा कानाशी किंचाळत होता, डावं चाक गवतात टेकलं. लोकांनी पाठ थोपटली आणि मी दहा वर्षं तो किस्सा फुशारकीने पोरांना सांगितला. याची लाज आजही वाटते. वाचलो, कारण त्या सकाळी वारा पडलेला होता.

हिशेब बघ. पट्टीच्या रेषेवर यायला 180 अंश पुरत नाहीत, त्याहून जास्त वळावं लागतं. 45 अंशांच्या बँकमध्ये, म्हणजे विमान तितकं कलवून वळताना, स्टॉलचा वेग सुमारे 19 टक्क्यांनी चढतो. सरळ उडताना पन्नास नॉट्सच्या आसपास स्टॉल होणारी सेसना 172 तिथे साठालाच स्टॉल होते, आणि तुझा ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा वेग जेमतेम 65. त्यात समोरचा वारा आता पाठीशी. पहिले तीन-चार सेकंद तर विश्वास बसण्यातच जातात. नाक वरच असतं, वेग गळत असतो. म्हणून नाक खाली. आधी नाक, मग बाकीचं.

पाण्याची भीती मला कळते. पण ताब्यात असलेलं विमान पाण्यावर टेकवता येतं. टेकण्याआधी दाराची कडी उघड, पट्टे आवळ, लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगव. स्टॉल होऊन कोसळणाऱ्या विमानात यातलं काही करता येत नाही. किती वेळा सांगू?

एका मुलाचा सोलो, म्हणजे एकट्याने करायचं पहिलं उड्डाण, मी तीन आठवडे अडवला होता. थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाचा जोर काढला की तो योक, म्हणजे विमानाचं हँडल, पोटाशी ओढून नाक वर करायचा. त्याचे वडील भांडायला आले, मला खडूस म्हणाले. आजही अडवीन. माझं काही चुकलं नव्हतं.

रविवारी पार्ल्याला ये. जेवण झालं की खुर्चीत बसवून गप्पांच्या मध्येच "इंजिन गेलं" म्हणेन. तुझा हात आधी कुठे जातो, ते मला बघायचंय.

तुझे सर