वाचकांचे प्रश्न : लीझ माइटनर यांच्या श्रेयाविषयी

प्रश्न : युरेनियमच्या अणूचे विखंडन होते, म्हणजे त्याचे केंद्रक दुभंगते, हे रसायनशास्त्रज्ञ ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांच्या डिसेंबर १९३८ मधील बर्लिनच्या प्रयोगातून उघड झाले. भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर तेव्हा जर्मनीतही नव्हत्या. मग या शोधाचे श्रेय त्यांना देण्याचा आग्रह कशासाठी? — एक वाचिका, मिरज

उत्तर : प्रयोगाच्या वेळी कोण कोठे होते एवढ्यावरच श्रेय ठरवायचे असेल, तर आपली शंका रास्त आहे. परंतु रोममधील भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मी यांचे प्रयोग वाचून, युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यास काय घडते हे तपासण्यासाठी १९३४ मध्ये हान यांना पुन्हा आपल्याबरोबर कामाला लावले ते माइटनर यांनीच. स्ट्रासमान नंतर येऊन मिळाले. माइटनर ज्यू कुटुंबात जन्मलेल्या ऑस्ट्रियन नागरिक होत्या. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर परदेशी नागरिकत्वाचे कवच गेले, आणि जुलैमध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ डर्क कोस्टर यांच्या मदतीने त्यांना गुपचूप सरहद्द ओलांडावी लागली. वेळ पडल्यास पहारेकऱ्याच्या हातावर ठेवता यावी म्हणून हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांना दिली होती.

त्या स्टॉकहोमला पोहोचल्या, तरी पत्रव्यवहार चालूच राहिला. युरेनियमपासून रेडियम तयार होते, असे हान आणि स्ट्रासमान यांना वाटत होते. नोव्हेंबरमध्ये कोपनहेगनच्या भेटीत माइटनर यांनी हान यांना बजावले, की मंदगती न्यूट्रॉनने असे घडणे भौतिकशास्त्राला मान्य होणारे नाही, पुन्हा तपासा. फेरतपासणीत ते ‘रेडियम’, ते गोळा करण्यासाठी मुद्दाम मिसळलेल्या बेरियमपासून काही केल्या वेगळे होईना, कारण ते बेरियमच होते. युरेनियमचा अणुक्रमांक ९२, बेरियमचा ५६. त्या काळी माहीत असलेल्या केंद्रकीय अभिक्रियांमध्ये मूलद्रव्य आवर्तसारणीत एकदोन घरेच सरकत असे. बेरियममध्ये फुटणे शक्य नाही हे आम्हालाही कळते, तेव्हा तुम्हीच काही विलक्षण स्पष्टीकरण सुचवा, असे हान यांनी १९ डिसेंबरला त्यांना कळवले.

ते स्पष्टीकरण नाताळात स्वीडनमधील कुंगेल्व या गावी मिळाले. माइटनर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश बर्फातून फिरायला गेले असताना एका ओंडक्यावर बसून त्यांनी हिशेब मांडला. केंद्रक हे द्रवाच्या थेंबासारखे मानले, तर युरेनियमचा थेंब मुळातच डळमळीत, न्यूट्रॉनच्या धक्क्याने लांबून दुभंगू शकेल असा. झालेले दोन तुकडे धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतील आणि त्यांची ऊर्जा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरेल. ही ऊर्जा येणार कोठून? केंद्रकांच्या वस्तुमानाचे सूत्र माइटनर यांना तोंडपाठ होते. तुकड्यांचे एकत्रित वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एकपंचमांशाने कमी भरत होते, आणि आइनस्टाइन यांच्या समीकरणानुसार ती तूट नेमकी तेवढीच ऊर्जा देत होती. हे स्पष्टीकरण मांडणारा दोघांचा निबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ११ फेब्रुवारी १९३९ रोजी छापून आला.

हान यांनी जानेवारीतल्या आपल्या निबंधात माइटनर यांना सहलेखक केले नाही. नाझी जर्मनीत परागंदा ज्यू स्त्रीचे नाव घालणे धोक्याचे होते, म्हणून तेवढे समजून घेता येते. मात्र युद्ध संपल्यावरही हा शोध निव्वळ रसायनशास्त्राचा, असे ते सांगत राहिले, याचे समर्थन करणे कठीण आहे. १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. त्यात स्ट्रासमान यांचेही नाव नव्हते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

प्रश्न : माइटनर यांनी अणुबॉम्बच्या कामात भाग घेतला होता का? — एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. युद्धकाळात त्यांना त्या कामाचे निमंत्रण आले होते, पण त्यांनी ते साफ नाकारले. हिरोशिमानंतर वृत्तपत्रांनी बॉम्बशी त्यांचे नाव जोडले, तेही त्यांना रुचले नाही. पुढे १९६६ चा एन्रिको फेर्मी पुरस्कार हान आणि स्ट्रासमान यांच्याबरोबर त्यांना देण्यात आला. तो देणारी संस्था होती अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग, म्हणजे बॉम्ब बनवणाऱ्या प्रकल्पाचाच वारसदार. प्रवास झेपत नसल्याने आयोगाचे अध्यक्ष ग्लेन सीबोर्ग यांनी केंब्रिजला येऊन तो त्यांच्या हाती दिला.