सासूबाईंचे पाय चेपावेत की नाही?

प्रिय भगिनी,

आपले पत्र मिळाले. सासूबाईंचा स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला असून आता पुण्यातल्या घरीच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रोग बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारे उपशामक उपचार सुरू आहेत. आपण रोज रात्री त्यांचे पाय चेपत होता, पण मालिशने रोग अंगभर पसरतो असे नणंदबाईंनी सांगितल्यापासून आपला हात धजत नाही. दुसरीकडे दिरांनी 'गाठ विरघळवणारे' म्हणून महागडे सुगंधी तेल आणून ठेवले आहे. या ओढाताणीत खुद्द सासूबाईंना काय हवे आहे, हे पत्रात कुठेच आलेले नाही. तेव्हा आधी त्यांना विचारावे, आणि त्या नको म्हणाल्या तर त्या दिवशी ते मान्य करावे.

हलक्या हाताच्या मालिशने कर्करोग पसरतो, याला आधार नाही. मात्र नणंदबाईंची धास्ती अगदीच अनाठायी नाही, कारण रोगाने पोखरलेले हाड जोराच्या दाबाने मोडू शकते. म्हणून चेपणे, रगडणे बंद करावे आणि कुठे हात लावू नये हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. गाठीची जागा, जखम, रेडिएशन दिलेली त्वचा आणि वेदनाशामक पट्टी लावलेला भाग वगळावा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्यात रक्ताची गुठळी असू शकते. त्याला हात न लावता डॉक्टरांना ताबडतोब कळवावे.

बाकी स्पर्श थांबवू नये, असे मला मनापासून वाटते. बिछान्याशेजारी बसून थोडे तेल आपल्याच तळहातांवर चोळून कोमट करावे, त्यांचा हात उशीवर ठेवावा आणि मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत सावकाश हात फिरवावा. दहा मिनिटे पुरेत. त्यांच्या कपाळाला आठी पडली, तर तिथेच थांबावे. केमोमुळे तळपाय बधिर झाले असतील, तर आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी काशाची वाटी टाळावी, कारण कातडी सोलवटली तरी त्यांना कळणार नाही.

आता त्या तेलाविषयी. कोणतेही सुगंधी तेल गाठ विरघळवत नाही, आणि असे सांगून तेल विकणे ही घायकुतीला आलेल्या घराची लूट आहे. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2016 सालच्या आढाव्यातही कर्करोगातील मालिश आणि अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांचा उपचार, यांविषयीचे पुरावे ठाम निष्कर्ष काढता येणार नाही इतके तोकडे आढळले. तरीही ब्रिटनमधील अनेक हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रांत, अरोमाथेरपी दिली जाते, ती बरे करण्यासाठी नव्हे, तर घटकाभर आराम मिळावा म्हणून. बाटलीवर घटक स्पष्ट लिहिलेले नसतील, तर ते तेल वापरूच नये. लव्हेंडरसारखे शुद्ध तेल असेल, तर 30 मिलिलिटर साध्या खोबरेलात तीन थेंब पुष्कळ झाले. नुसते लावल्यास त्वचेची आग होऊ शकते, आणि ते पोटात तर मुळीच देऊ नये. आधी कापसावर एक थेंब घेऊन वास दाखवावा. मळमळत असेल, तर बिनवासाचे तेलच बरे. मॉर्फिनच्या वेळा मात्र यापायी चुकवू नयेत.

वारजे येथील सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केअर केंद्रात घरच्या माणसांनाही शुश्रूषा शिकवतात. नणंदबाईंना तिथे सोबत न्यावे, म्हणजे शंका त्यांना स्वतःच विचारता येतील. दिरांना तेलावरून बोल लावू नये. तेही आईसाठी काही करता यावे म्हणूनच धडपडत आहेत. संध्याकाळी आईच्या हातांना तेल लावण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे आणि पहिल्या दिवशी आपण शेजारी बसून ते दाखवावे.