साहित्याची पदवी घेताना एक वर्ष परदेशात शिकायचं असेल, तर नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी आर्ट्सला आहात, राहायला डोंबिवली, साहित्यच शिकायचं हे पक्कं आहे. पदवीतलं एक वर्ष परदेशातल्या विद्यापीठात काढता येईल का, मार्ग कोणता धरावा, आणि ‘वर्ष फुकट जाईल’ असं घरचे म्हणतात त्यात तथ्य किती?

घरच्यांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती रास्त आहे. वर्ष खरोखर फुकट जाऊ शकतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: तिकडे केलेले विषय इकडच्या गुणपत्रिकेवर चढत नाहीत. शहर कोणतं, विद्यापीठाचं नाव केवढं, यावर मुलं सहा-सहा महिने खल करतात आणि विषयांचा फॉर्म विमानाचं तिकीट काढल्यावर भरतात. तुम्ही क्रम उलटा ठेवा. आधी विषय आणि क्रेडिट (विषयाचा अभ्यास मोजायचं एकक), मग भाषा, शहर सगळ्यात शेवटी.

मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे इंग्लंडमधली ‘विथ अ इयर अब्रॉड’ अशी चार वर्षांची पदवी. दोन वर्षं तिथल्या विद्यापीठात, तिसरं वर्ष त्यांच्या भागीदार विद्यापीठात, चौथ्या वर्षी परत. अर्ज यूकासमधून (ब्रिटिश विद्यापीठांची सामाईक प्रवेश-व्यवस्था) जातो, पाच पर्याय देता येतात, आणि २०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांचं झालं आहे (एकूण ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं). ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, बाकीच्यांसाठी जानेवारीत. अर्ज करतानाच चार वर्षांचा अभ्यासक्रम निवडा. ‘आत्ता तीन वर्षांचा घेऊ, पुढे बदलू’ असं केलंत तर व्हिसाची मुदत तीन वर्षांवर बेतलेली असते आणि ती वाढवण्याचा खर्च व कागदपत्रं पुन्हा मागे लागतात. बऱ्याच ठिकाणी सरासरी ठरावीक टक्क्यांखाली गेली की परदेशातलं वर्ष रद्द होऊन तुम्हाला तीन वर्षांच्या पदवीत टाकतात, हेही प्रवेशाच्या पत्रात बारीक अक्षरांत असतं. आणि त्या वर्षाची फी: ब्रिटिश विद्यार्थ्यांना इंग्लंडमध्ये ती नेहमीच्या कमाल फीच्या १५ टक्क्यांपर्यंतच लावता येते, पण ही मर्यादा आपल्याला लागू नाही. परदेशी विद्यार्थ्याकडून किती घ्यायचं ते विद्यापीठ स्वतः ठरवतं, म्हणून आकडा ईमेलवर लेखी मागून घ्या.

दुसरा मार्ग मुंबईत राहूनच. म्हणजे नाव इथल्या कॉलेजात, फी इथे, आणि एक किंवा दोन सेमिस्टर कॉलेजच्या करारातून बाहेर. इथे एक हिशेब बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ‘ट्विनिंग’ पद्धतीत (पदवी इथली, अभ्यासक्रमाचा काही भाग भागीदार परदेशी संस्थेत) परदेशी संस्थेत मिळवलेली क्रेडिट्स एकूण क्रेडिट्सच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. तीन वर्षांच्या पदवीची किमान क्रेडिट्स १२०, त्यांचे ३० टक्के म्हणजे ३६. एका वर्षाची क्रेडिट्स साधारण ४०. म्हणजे पूर्ण वर्ष बसतच नाही, एकच सेमिस्टर बसतं. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत १६० चे ३० टक्के ४८ होतात आणि वर्ष आरामात बसतं. साधी एक्स्चेंज (विद्यार्थ्यांची अदलाबदल) या नियमाखाली येत नाही, तिला कॉलेजचे स्वतःचे नियम लागतात. त्यामुळे कॉलेज निवडताना ‘परदेशी विद्यापीठांशी करार आहेत का’ एवढंच विचारू नका. करार होतात, फोटो निघतात आणि फाइल बंद होते. विचारायचं ते असं: गेल्या तीन वर्षांत साहित्य विभागातून किती मुलं गेली, आणि परतल्यावर त्यांना तिसरं किंवा चौथं सेमिस्टर पुन्हा करावं लागलं का?

तिसरा मार्ग म्हणजे बीए इथेच, सोबत एक भाषा, आणि परदेश एमएसाठी. पैशांच्या बाजूने हा सगळ्यात सोपा आहे, कारण मदत बहुतेक पदव्युत्तर शिक्षणालाच मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही उच्च शिक्षणासाठी आहे. युरोपियन युनियनच्या इरास्मस मुंडस योजनेतल्या संयुक्त एमएमध्ये तर किमान दोन देशांत शिकणं हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी हाच मार्ग सुचवेन, अगदी ठामपणे.

आता क्रेडिट. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस (तिकडची क्रेडिट्स), इंग्लंडमध्ये १२०, आपल्याकडे ४०. म्हणजे सहा ईसीटीएसचा सेमिनार आपल्या चार क्रेडिट्सच्या पेपरइतका. हे गणित तुम्हाला कळतं, पण परीक्षा विभागातल्या माणसाला ते कागदावर दिसावं लागतं. त्यासाठीचा कागद म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट. त्यावर डाव्या बाजूला तिकडचे विषय, उजव्या बाजूला त्यांच्या बदल्यात माफ होणारे इकडचे विषय, खाली तिघांच्या सह्या: तुमची, इथल्या समन्वयकाची, तिथल्या समन्वयकाची. उजवी बाजू रिकामी ठेवून ‘आल्यावर बघू’ म्हटलं की समजा गाडी रुळावरून उतरली. प्रत्येक ओळीसमोर इथल्या पेपरचा कोड लिहूनच सही घ्या.

एवढं करूनही एक गोष्ट हमखास बिघडते. जूनमध्ये तुम्ही यादी भरता ती गेल्या वर्षीच्या माहितीपत्रकावरून. साहित्याचे सेमिनार दरवर्षी बदलतात, प्राध्यापक रजेवर जातात, नवी यादी सेमिस्टरच्या काही आठवडे आधी येते आणि त्यात तुमचे दोन विषय नसतात. म्हणून पाच विषय हवे असतील तर यादीत आठ ठेवा आणि तिकडे पोचल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत बदलांची लेखी मंजुरी इथून मागवा. व्हॉट्सॲपवरचा ‘ओके’ पुढे कामाला येत नाही.

गुणांचं रूपांतरही आधीच ठरवून घ्या. फ्रान्समध्ये २० पैकी गुण असतात, १० ला पास, १६ म्हणजे अतिउत्तम आणि साहित्यात ते क्वचितच मिळतात. कुणी २० पैकी १२ चे सरळ ६० टक्के करून टाकले तर चांगल्या विद्यार्थ्याची पदवीची श्रेणी घसरते. जर्मनीत गणित उलटं: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. इंग्लंडमध्ये ७० च्या वर फर्स्ट क्लास, त्यामुळे ६५ बघून घरी कुणी नाराज होऊ नये. कोणता तक्ता वापरणार हे ॲग्रीमेंटला जोडून ठेवा.

भाषेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला ती इंजिनिअरिंगवाल्यापेक्षा वेगळ्या कारणाने लागते. जर्मनसाठी काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी न्यू मरीन लाइन्सची अलियान्स फ्रान्सेज, दोन्ही तुम्हाला लोकलने गाठता येतील. बी-२ पर्यंत (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांपैकी चौथी) पोचायला जर्मनला साधारण ६०० ते ८०० तास (४५ मिनिटांचे) धरतात. आठवड्याला सहा-सात तासांच्या वर्गांनी दोन वर्षं सहज जातात. पण बी-२ चं प्रमाणपत्र आणि कादंबरी वाचण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडी परीक्षेत पर्यावरणावर छान बोलणारा मुलगा शंभर वर्षांपूर्वीच्या कथेच्या दुसऱ्या पानावर अडकतो. म्हणून स्वतःची चाचणी घ्या: न वाचलेल्या कथेची दहा पानं घ्या, घड्याळ लावा, डिक्शनरी बंद. तासात दहा पानं झाली आणि गोष्ट कळली, तर जा. पानाला पंधरा-वीस शब्द अडत असतील तर अजून सहा महिने थांबा, कारण तिकडे एका सेमिनारला आठवड्याला शंभर पानं असू शकतात आणि असे चार-पाच विषय एकदम चालतात. सरावाला रेक्लामची छोटी पुस्तकं उत्तम. ९.६ बाय १४.८ सेंटिमीटर, खिशात मावतात. पिवळ्या मुखपृष्ठाची म्हणजे नुसता जर्मन मजकूर, केशरी म्हणजे समोरासमोर दोन भाषा. सुरुवात केशरीने करून पिवळ्यावर या.

तुमचा विषय इंग्रजी साहित्य असेल तर एक सोय लक्षात ठेवा. जर्मन विद्यापीठांत इंग्रजी विभागाला ‘आंगलिस्टिक’ म्हणतात आणि तिथले बरेच सेमिनार इंग्रजीतच चालतात. तिथे जर्मन रोजच्या व्यवहारापुरती आली तरी अभ्यास अडत नाही.

शिकवण्याची रीत मात्र आपल्यापेक्षा वेगळी आहे, आणि हुशार मुलंही इथेच मार खातात. आपल्याकडे बारावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन वेगळे परिच्छेद लिहायची सवय लागते. फ्रेंच ‘कोमांतॅर’मध्ये (त्यांच्या रसग्रहणात) ही विभागणीच चूक धरतात. आशय आणि भाषा एकाच वाक्यात बांधायची: या ओळीत क्रियापद शेवटी ढकललं आहे, त्यामुळे वाचणारा थांबतो, आणि ते थांबणं हीच कवितेतल्या माणसाची अवस्था आहे. अशी निरीक्षणं दोन-तीन भागांत रचायची, प्रत्येक भागात दोन-तीन उपभाग, आणि सगळ्यांच्या आधी एक नेमका प्रश्न ज्याचं उत्तर हे भाग देतात. त्या प्रश्नाला ‘प्रॉब्लेमातिक’ म्हणतात, तो नसेल तर बाकीचं कितीही चांगलं असो, गुण जातात. लेखकाचं चरित्र एका वाक्यापेक्षा जास्त नको. आपल्या नोट्समधली दीड पानाची चरित्रं तिकडे कुणी वाचत नाही.

जर्मनीत हाच धक्का वेगळ्या रूपात बसतो. सेमिनारमध्ये वीस-तीस मिनिटांचं ‘रेफेराट’ सादर करायचं आणि सेमिस्टर संपल्यावर १२ ते २० पानांची ‘हाउसआर्बाइट’ लिहायची. विषय कुणी देत नाही. प्राध्यापकांच्या भेटीच्या तासाला आपणच प्रश्न घेऊन जायचं, त्यांनी तो तासून अरुंद करायचा, मग लिहायचं. विषय मिळेल म्हणून वाट बघत बसलं की फेब्रुवारी उजाडतो. हिवाळी सेमिस्टरची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतात आणि निबंध बहुधा मार्चअखेर द्यायचा असतो. तो तपासून गुण नोंदले जाईपर्यंत मे-जून येतो, म्हणजे तोवर ट्रान्सक्रिप्ट (तिकडची गुणपत्रिका) अपुरं. इथलं वेळापत्रक जूनपासूनचं, त्यामुळे मधल्या काळात तुम्ही इथे ‘गैरहजर’ दिसता आणि एटीकेटीची नोंद पडू शकते. जाण्याआधी परीक्षा विभागाकडून निकाल राखून ठेवण्याचं पत्र घ्या, आणि एकच सेमिस्टर जाणार असाल तर प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात सांगून निबंधाची लवकरची तारीख मागा. बहुतेक जण देतात.

व्हिसाबद्दल मोजक्याच गोष्टी. पहिल्या मार्गाने जाऊन तिसरं वर्ष फ्रान्स किंवा जर्मनीत काढणार असाल तर भारतीय पासपोर्टवर ब्रिटिश व्हिसा चालत नाही, त्या देशाचा वेगळा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो आणि तो इंग्लंडमध्ये असतानाच काढता येतो. भागीदार विद्यापीठाचं पत्र उशिरा येतं, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात सरळ मुंबईला यायचं ठरवून बसू नका. फ्रान्सचा विद्यार्थी व्हिसा पोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करायचा असतो, हे विसरणारे दरवर्षी असतात. जर्मनीत पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्या भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (भारतीय शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात.

खोलीसाठी स्वीकृतिपत्र आलं त्याच दिवशी अर्ज करा, जर्मनीत श्टुडिएरेंडनवेर्ककडे, फ्रान्समध्ये क्रूसकडे (दोन्ही तिथल्या विद्यार्थी-सेवा संस्था). खोली किंवा करार न बघता कुणालाही डिपॉझिट पाठवू नका.

आत्ता तुमच्या हातात काय आहे? पहिला मार्ग धरायचा नसेल तर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत काहीच नको. परीक्षा संपली की ए-१ ची बॅच धरा, आणि जूनमध्ये कॉलेजात प्रवेश घेताना चार वर्षांचा ऑनर्स पर्याय आणि भाषेचा पेपर दोन्ही मिळतील असं कॉलेज बघा. मग पहिल्या वर्षाच्या शेवटी, एक सेमिस्टर का पूर्ण वर्ष, हा प्रश्न क्रेडिटच्या तक्त्यासमोर बसून सोडवता येईल. घरच्यांनाही तोच तक्ता दाखवा.