चौघांची एकच वही

मागच्या अंकात मी कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडच्या नेरूळच्या कार्यक्रमाचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं पोरांची, निम्मी त्यांच्या आईबापांची. काही जोड्या तर एकाच घरातल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे. म्हणून या वेळी माझ्या वाद्यांच्या दुकानातले नेहमीचे प्रश्न, तुटलेल्या तारा आणि ॲम्प्लिफायरची खरखर, बाजूला ठेवतो आणि या पत्रांनाच उत्तरं देतो.

माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवरच्या तीन मित्रांबरोबर त्याने रॉक बँड काढलाय. आता म्हणतो कॉलेज सोडतो, कोल्डप्लेवाल्यांनीही असंच केलं होतं. सासूबाईंना बँड म्हणजे वरातीतला वाटतो, त्यांची काळजी आणखी वेगळी. काय करावं?
— एक आई, इंदिरानगर

ताई, आधी सासूबाईंना सांगा, वरातीतल्या बँडला निदान सीझनची खात्री असते. रॉक बँडला तीही नाही.

आता चिरंजीवांचं. १९९६ च्या सप्टेंबरात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नवीन पोरं दाखल झाली. रॅमसे हॉल नावाच्या वसतिगृहात कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिन आणि गिटारवाला जॉनी बकलंड यांची गाठ पडली. पुढे गाय बेरीमन आला, शेवटी विल चॅम्पियन. ख्रिसचा विषय प्राचीन ग्रीक-रोमन जग, त्यात त्याने पहिला वर्ग मिळवला. जॉनी गणित आणि खगोलशास्त्राचा, विल मानववंशशास्त्राचा. गाय तेवढा इंजिनीअरिंगला होता, तिथून आर्किटेक्चरला गेला आणि तेही सोडून दिलं. चौघांत एकाने शिक्षण सोडलं, म्हणजे तुमच्या मुलाचं म्हणणं चार आणे खरं आहे.

बारा आणे त्याला सांगा. पार्लोफोन या रेकॉर्ड कंपनीशी त्यांचा करार झाला १९९९ साली, भेटल्यापासून जवळपास तीन वर्षांनी. मधली वर्षं कॉलेजच्याच आसऱ्याने गेली. वसतिगृहात तालमीला सोबती शोधावे लागत नाहीत, पहिले श्रोते जिन्यातच भेटतात. १९९८ मध्ये त्यांनी ‘सेफ्टी’ नावाची छोटी सीडी काढली, प्रती पाचशे. त्यातल्या बहुतेक रेकॉर्ड कंपन्यांना आणि मित्रांना वाटण्यातच गेल्या. आणि ही धावपळ गाणाऱ्याने केली नाही. फिल हार्वी हा ख्रिसचा शाळेतला मित्र त्यांचा व्यवस्थापक झाला. आजही ते त्याला पाचवा गडी म्हणतात. तुमच्या मुलाला एवढंच विचारा, तुमच्यात फोन करणारा, पैसे मागणारा, गाडी ठरवणारा कोण आहे? या प्रश्नावर चौघंही एकमेकांकडे बघायला लागले तर डिग्री पूर्ण करू द्या.

क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे, त्याची गोष्टही मुलाला ऐकवा. इम्पिरियल कॉलेजात सूर्यमालेतल्या धुळीवर पीएचडी करत होता, बँडसाठी ती अर्धवट टाकली आणि २००७ मध्ये पूर्ण केली. धूळ तीस-पस्तीस वर्षं थांबली. पण आपल्याकडे विद्यापीठ एवढं थांबत नाही, हेही त्याच्या कानावर घाला.

आम्ही चार जण आहोत. गाणी एकच मित्र लिहितो आणि चालीही तोच लावतो. आता तो म्हणतो, मला निम्मे पैसे हवेत. त्याचं बरोबर आहे का? शिवाय आमचा ड्रमर कच्चा आहे, त्याला बदलावं असं तिघांना वाटतं.
— कॉलेज रोडवरून चौघांपैकी एक

बाळांनो, दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या लेखी तो एकच आहे.

विल चॅम्पियनला ड्रम येत नव्हते. गिटार येत होती, पियानो येत होता. बँडला ड्रमर हवा होता म्हणून तो ड्रमवर बसला आणि बसल्या बसल्या शिकला. अजून कुणी फारसं ओळखतही नव्हतं तेव्हा बाकीच्यांना वाटलं की पुढे जायचं तर पक्का ड्रमर पाहिजे. विलला काढलं. थोड्याच दिवसांत चूक कळली आणि ख्रिस त्याला परत बोलवायला गेला. त्यानंतर त्यांनी नियम ठरवले. निर्णय सगळ्यांचा, पैसा चौघांत सारखा, आणि जो जहाल नशेच्या नादी लागेल तो बाहेर. गाण्यांच्या श्रेयातही चारही नावं लागतात. आता मूळ धून बहुतेक वेळा ख्रिस घेऊन येतो, हे जगजाहीर आहे. तरी चार नावं.

यात किती पैसा सोडला जातो याची तुम्हाला कल्पना नसेल. कार्यक्रमाची बिदागी एकदा मिळते. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी गाणं वाजेल तोवर येत राहते. आपल्याकडेही २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर ती गीतकार-संगीतकाराच्या हातून काढून घेता येत नाही आणि आयपीआरएस ही संस्था ती गोळा करते. म्हणजे श्रेयाच्या ओळीत ज्याचं नाव नाही तो ड्रमर वीस वर्षांनी रेडिओवर स्वतःचा ठेका ऐकतो आणि त्याला त्या रॉयल्टीतून चहाचे पैसेही मिळत नाहीत. तुमचा मित्र निम्मे मागतोय ते कायद्याने चूक नाही. पण बँड चालवायचा असेल तर आजच, एकही रुपया आलेला नसताना, चौघांनी बसून ठरवा. पैसा आल्यावर जे ठरतं ते भांडण असतं.

मी हे एवढं तोंड वर करून सांगतोय, कारण आम्ही नेमकं उलट केलं. १९८३ ते ८८ मी नाशिकमधल्या एका ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम गिटार वाजवायचो. कार्यक्रमांची सुपारी घ्यायचा आमचा गायक. पाकीटही त्याच्याच खिशात. कार्यक्रम संपला की तो एका बाजूला नेऊन प्रत्येकाच्या हातावर काहीतरी टेकवायचा आणि म्हणायचा, दुसऱ्याला सांगू नकोस, तुला जास्त दिलेत. सगळ्यांना हेच सांगायचा. नाशिकरोडला गणपतीतला कार्यक्रम होता. मध्यंतरात आमच्या कोंगोवाल्याला, म्हणजे हाताने उभे ढोल वाजवणाऱ्याला, मंडळाच्या खजिनदाराने बोलता बोलता खरा आकडा सांगितला. चहा पिऊन येतो म्हणून गेला तो आलाच नाही. कोंगो तिथेच, माणूस नाही. दुसऱ्या सत्रात ताल मी धरला, गिटारच्या लाकडावर चापट्या मारून. लोकांना कळलंही नसेल.

त्याच्या घरी कुणी गेलं नाही. मीही नाही. तो पुढे सातपूरला कंपनीत लागला. अकरा वर्षं आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. बँकेत भेटलो की पासबुकाबद्दल बोलायचो. कोंगो मात्र बरीच वर्षं माझ्या दुकानाच्या माळ्यावर होते.

तुमच्या ड्रमरला सहा महिने द्या. त्याच्यासमोर मेट्रोनोम, म्हणजे ठेका मोजणारं टिकटिक यंत्र, लावून रोज एक तास तुम्हीही बसा, कारण ठेका हलतो तेव्हा निम्म्या वेळा तो गिटारवाला हलवत असतो आणि शिव्या ड्रमर खातो. आणि एक शंभर पानी वही आणा. त्यात कुणाचं काय, ते लिहून चौघांनी सह्या करा.

बँडला नाव सुचत नाहीये. दोन महिने झाले.
— तिघी मैत्रिणी, पंचवटी

कोल्डप्लेची आधीची नावं पेक्टोरल्झ आणि स्टारफिश. स्टारफिश नावाने त्यांनी १९९८ च्या जानेवारीत लंडनमध्ये कॅमडनच्या एका पबात पहिला कार्यक्रमही केला. ‘कोल्डप्ले’ हे ओळखीच्याच दुसऱ्या एका मुलाच्या बँडने टाकून दिलेलं नाव, ते यांनी उचललं. दोन महिने पुरे झाले. तालमीला लागा, नाव कुणीतरी टाकून देईल.

नातीने कोल्डप्लेच्या तिकिटाला जेवढे पैसे घातले त्यात आमचा जुना पंखा, मिक्सर आणि टीव्ही आला होता. मी वसंतराव आणि भीमसेन ऐकत मोठा झालो. या आरडाओरड्यात काय आहे हे एकदा नीट सांगा. उपरोधाने विचारत नाही.
— एक आजोबा, जुनं नाशिक

आजोबा, तुम्ही उपरोधानेच विचारताय, पण पत्र आवडलं.

एक काम करा. नातीला ‘क्लॉक्स’ लावायला सांगा. २००२ च्या अल्बममधलं गाणं, २००४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. सुरुवातीचा पियानो ऐका आणि मांडीवर आठ मात्रा मोजा. केरवा तालाचीच लांबी, पण तुकडे चार-चारचे नाहीत. तीन, तीन, दोन. खालचा ड्रम मात्र सरळ चालतो. पियानो पुढे झुकल्यासारखा वाटतो आणि प्रत्येक आठाला परत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. तबलजी एकच बोल तीनदा घेऊन समेवर येतो, त्या तिहाईला तुम्ही मान हलवता ना, त्याचीच ही लांबची भावकी. ते जमलं की ‘द सायंटिस्ट’ ऐका. तिथे आरडाओरडा नाही, पियानो आणि एक दमलेला आवाज आहे.

तिकिटाबद्दल. मीही गेलो होतो, १९ जानेवारी २०२५, रविवार. मुलीने तिकीट काढलं आणि किंमत अजूनही सांगितलेली नाही. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने ठाणे, तिथून लोकलने नेरूळ, पोळी-भाजीचा डबा गाडीतच संपवला. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मी आमच्या धंद्याच्या नजरेने बघत होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर बसलेल्याला ड्रमचा ठोका पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा ऐकू येतो. म्हणून मागे लावलेल्या स्पीकरांना मुद्दाम तेवढा उशीर द्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. वादकांच्या कानात इअरफोन असतात, तेवढ्यावर ते एकमेकांना धरून वाजवतात. आमच्या वेळी मॉनिटर म्हणून, म्हणजे आपलंच वाजवणं आपल्याला ऐकू यावं म्हणून, एक फाटका डबा पायाशी असायचा आणि तोही गायकाकडे तोंड करून.

ख्रिस मार्टिन मराठीत चार वाक्यं बोलला. उच्चार दिव्य. हजारो लोक ओरडले, त्यात मीही. पण माझे डोळे बराच वेळ मागे बसलेल्या विलवर होते. काढून टाकलेला ड्रमर. मनगटावर सगळ्यांना एक पट्टा दिला होता, तो गाण्याबरोबर आपोआप रंग बदलत होता. बाहेर पडताना तो परत द्यायचा, पुढच्या कार्यक्रमात पुन्हा वापरतात. माझ्या शेजारच्या बाईंनी तो पर्समध्ये टाकलेला मी पाहिला. ‘फिक्स यू’ सुरू झालं तेव्हा त्याच बाई हुंदके देत होत्या, म्हणून काही बोललो नाही.

कोल्डप्लेचं ‘यलो’ यूट्यूबवर बघून वाजवतो, बोटं बरोबर आहेत, तरी आवाज तसा येत नाही. गिटार खराब आहे का?
— अकरावीतला विद्यार्थी, सिडको

गिटार चांगली आहे. या एका प्रश्नापायी माझ्या दुकानात २००१ पासून पोरं येतायत. पहिला आला तो पॉलिटेक्निकचा होता, त्यांच्या पहिल्या अल्बमची, ‘पॅराशूट्स’ची, कॅसेट घेऊन. मी ती त्याला नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून दिली आणि एक प्रत गुपचूप स्वतःसाठी भरली. आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी डोकं आपटलं. जॉनी बकलंडने त्या गाण्यात तारा वेगळ्या लावल्या आहेत. चौथी तार दीड सूर उतरवून बी वर आण, पहिली अर्धा सूर उतरवून डी शार्पवर. बाकीच्या चार जशा आहेत तशा. मग मोकळ्या तारा आपोआप बोलायला लागतात. वाजवून झाल्यावर परत चढव, पहिली तार हळू. तुटली तर दुकान उघडं आहे.

पहिल्या चार अल्बमनंतर कोल्डप्ले संपला असं माझं मत आहे. तुमचं?
— एक जुना श्रोता, गंगापूर रोड

माझं तुमच्याशी तीन-चतुर्थांश जमतं. २००५ च्या ‘एक्स अँड वाय’ला उशीर झाला तेव्हा पार्लोफोनच्या मालक कंपनीचा, ईएमआयचा, शेअर घसरला होता. चार मित्रांच्या गाण्यांवर शेअर बाजार डोळे लावून बसला की गाणी जडच होणार, आणि तो अल्बम जड आहे. मग ब्रायन ईनो या संगीत-निर्मात्याला बोलावून २००८ चं ‘व्हिवा ला व्हिडा’ केलं, ते मला सगळ्यात आवडतं. पुढचं बरंचसं फटाक्यांसारखं. पण २०१९ चा ‘एव्हरीडे लाइफ’ काढल्यावर पर्यावरणाच्या कारणाने दौराच केला नाही आणि पुढच्या दौऱ्यात प्रेक्षकांच्या नाचण्यातून थोडी वीज काढणारी फरशी घेऊन आले, हे काही थकलेल्या माणसांचं लक्षण नव्हे. आणि १९९८ पासून वाजवणारे चौघं तेच आहेत. असे बँड हाताच्या बोटांवर मोजावेत.

फ्लॅटमध्ये सराव केला की खालचे काका वर येतात. अंड्याचे ट्रे भिंतीला लावले तरी येतात.
— दोन भाऊ, पाथर्डी फाटा

अंड्याच्या ट्रेने आवाज अडत नाही. खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, इतकंच. आवाज अडतो जड भिंतीने आणि बंद फटींनी. ड्रमचे धक्के तर फरशीतूनच खाली जातात, त्यामुळे काकांचं बरोबर आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ड्रम किट नुसतं मूडमध्ये आलं तरी शंभराच्या आसपास जातं.

अंबड किंवा सातपूरला ओळखीच्या कुणाचं वर्कशॉप असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चार तास मागा. पत्र्याखाली घुमतं, पण कुणी वर येत नाही. जाताना जुनी सतरंजी न्या, ड्रम सरकत नाहीत. आणि निघताना झाडून मेन स्विच बंद करा, म्हणजे मालक पुढच्या आठवड्यातही किल्ली देतो.